मसाई पठारावर गाड्या नकोत

ऑगस्ट संपता संपता कोल्हापुरातल्या मोबाइलवर मसाई पठाराचे व्हिडिओ फिरायला लागतात. धुकं, ओलं गवत, लांबवर पसरलेली पिवळी-जांभळी फुलं आणि त्या फुलांच्या ऐन मधे उभी केलेली एखादी जीप. पुढच्या रविवारी त्याच जागी दहा गाड्या असतात, त्यापुढच्या रविवारी किती ते मोजायला कुणी थांबत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. ती जीप तिथं असता कामा नये. पठाराच्या माथ्यावर बाहेरून आलेली कुठलीच गाडी जाऊ नये. गाड्या खाली थांबाव्यात, माणसांनी चालत वर जावं आणि त्या थांब्याचं उत्पन्न पठाराखालच्या गावांना मिळावं.

हे म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘वर आहे तरी काय? नुसता माळ.’ सगळी अडचण याच प्रश्नात आहे, म्हणून आधी त्याचं उत्तर.

पन्हाळ्याहून पश्चिमेला आठ-दहा किलोमीटरवर, म्हाळुंग्याच्या पुढं डोंगर एकदम सपाट होतो. वर मसाई देवीचं देऊळ, कड्याच्या पोटात पांडवदऱ्याची लेणी, बाकी सगळं उघडं. उत्तरेच्या उतारावर पडलेलं पाणी वारणेकडं जातं, दक्षिणेच्या उतारावरचं कासारीकडं. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा पडलेला असताना १२ जुलैच्या रात्री शिवाजी महाराज पन्हाळ्यावरून विशाळगडाकडं निघाले, ते हेच पठार तुडवत. आजही दर जुलैत हजारो पोरं म्हाळुंगे, मसाई, कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी अशी ती वाट चालत पांढरपाणी आणि पावनखिंडीपर्यंत जातात.

पठाराचा माथा जांभ्याचा आहे. आपल्याकडं अशा जागेला सडा म्हणतात. दगडावर माती जेमतेम दोन-चार बोटं, कुठं खोलगट भागात वीतभर. नोव्हेंबरपासून मेपर्यंत हा सडा करपलेला दिसतो, म्हणूनच कागदावर आणि बोलण्यात त्याला सहज ‘पडीक’ म्हटलं जातं. पण पहिल्या दोन-तीन दमदार पावसांनंतर इथं जे सुरू होतं ते घनदाट जंगलातही होत नाही. गेंदाचे पांढरे गोळे, तेरडा, कवला, सोनकी, खोलगट पाणथळीत सीतेची आसवं, ओल्या दगडाच्या कडेला दवबिंदू नावाची इवली वनस्पती. यातल्या काही वनस्पती मांसाहारी आहेत आणि त्याचं कारण या जमिनीतच आहे. धो धो पावसात मातीतलं नत्र वाहून जातं, खायला काही उरत नाही. मग दवबिंदू चिकट केसांवर किडे पकडतो आणि सीतेच्या आसवांच्या मुळाशी असलेल्या बारीक पिशव्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव ओढले जातात. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातल्या अभ्यासकांनी सह्याद्रीच्या या सड्यांवर आयुष्यं घालवली आहेत. जगात दुसरीकडं कुठंच न सापडणाऱ्या कितीतरी वनस्पती सह्याद्रीच्या अशाच ‘पडीक’ माथ्यांवर वाढतात, हे त्यांच्या कामामुळंच आपल्याला कळलं.

आता या दोन बोटं मातीवरून गाडी गेली की काय होतं ते सांगतो. गेल्या पावसाळ्यात एका चाकोरीशेजारी मी बराच वेळ उकिडवा बसलो होतो. चाकोरी घोट्याएवढी खोल होती आणि तिच्यातून तांबडं पाणी कड्याच्या दिशेनं वाहत होतं. तळाला माती नव्हतीच, उघडा जांभा लागला होता. काठावर सीतेची आसवं होती, करंगळीच्या नखाहून लहान निळी फुलं, आणि त्यांची ओळ चाकाच्या रेषेवर सरळ कापली गेली होती. पण त्याहून महत्त्वाचं दिसलं ते पलीकडं. जुनी चाकोरी खोल झाल्यावर पुढच्या गाडीवाल्याला तिथं चाक रुतायची भीती वाटते, म्हणून तो दोन हात बाजूनं गाडी घालतो. पावसात तीही वाट खोल होते. तिसरा आणखी बाजूनं जातो. अशानं एका वाटेच्या चार वाटा होतात आणि मधल्या पट्ट्यातलं सगळं मरतं. कुणाच्याच मनात वाईट नसतं. प्रत्येकजण फक्त आपली गाडी रुतू नये एवढंच बघत असतो.

नुकसान फुलांपुरतंही थांबत नाही. सड्यावरचे खोलगट भाग पावसाचं पाणी धरून ठेवतात. ते पाणी जांभ्याच्या भोकांतून सावकाश खाली उतरतं, खालच्या चिकणमातीच्या थराला लागलं की आडवं सरकतं आणि उताराच्या पोटात कुठंतरी झरा होऊन बाहेर पडतं. आपल्या डोंगरमाथ्यांवर राहणाऱ्या माणसांनी शतकानुशतकं याच पाण्यावर दिवस काढले. पन्हाळ्याची नागझरी त्याचंच उदाहरण. चाकोरीनं त्या खोलगट भागाला एक फट पाडली की पाणी मुरायच्या आधीच कड्यावरून खाली जातं. पाणी जातं आणि मातीही नेतं. मार्चमध्ये पायथ्याच्या वाडीतली बाई हंडा घेऊन झऱ्यावर जाते तेव्हा तिला कमी मिळालेलं पाणी आणि ऑगस्टमध्ये कुणीतरी काढलेला व्हिडिओ यांचा संबंध जोडणारं तिथं कुणी नसतं.

मसाई पठार राखलं म्हणजे कोल्हापूरचा पूर टळेल असं मात्र मी म्हणणार नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरांची कारणं मोठी आहेत, त्यात धरणांचे विसर्ग आहेत, पूररेषेतली बांधकामं आहेत, दोन-तीन दिवसांत कोसळलेला पाऊस आहे. पण डोंगर किती सहन करू शकतो याची एक खूण त्याच काळात आपल्यासमोर आली. २०२१ च्या जुलैत पन्हाळ्याचा मुख्य रस्ताच खचला आणि गडावरच्या माणसांची रोजची वाट तुटली. पाणी मुरायच्या जागा बुजवायच्या, वाहायच्या वाटा बदलायच्या आणि मग डोंगर खचला की नशिबाला बोल लावायचा, हे आपण पन्हाळ्याला बघितलं आहे. मसाईला तेच पुन्हा बघायची गरज नाही.

गाड्यांइतकंच नुकसान करणारी दुसरी गोष्ट चांगल्या हेतूनं होते, म्हणून तिच्याबद्दल बोलणं अवघड जातं. जून उजाडला की झाडं लावायच्या मोहिमा निघतात आणि मोकळा माळ दिसला की तिथं खड्डे काढले जातात. सड्यावर झाड लावू नका. तिथं झाड नाही याचा अर्थ ते कुणीतरी तोडलं असा होत नाही. त्या जमिनीचा स्वभावच उघडं राहण्याचा आहे, आणि तिथल्या वनस्पतींना भरपूर ऊन आणि उपाशी माती हेच लागतं. ऑस्ट्रेलियन बाभूळ किंवा गिरीपुष्प तिथं तगलं तर सावली करतं, पाला टाकतं, मातीत नत्र वाढवतं, आणि मग ज्यांनी नत्राशिवाय जगायची विद्या कमावली त्या वनस्पतींना जागा उरत नाही. गुरांचं गवतही जातं. झाडं जरूर लावावीत, पण उतारावर लावावीत, ओढ्याकाठी लावावीत, गावच्या देवराईची जिथं पडझड झाली आहे तिथं लावावीत. जांभूळ, हिरडा, ऐन, अंजन ही झाडं तिथं आनंदानं वाढतील. वणव्याचंही असंच. राखेनं गवत चांगलं येतं असं समजून फेब्रुवारी-मार्चमध्ये काडी लावणारे अजूनही आहेत. गवत कापून गंजी रचली तर चारा हातात राहतो, जाळला तर धूर उरतो. हे गावातल्या म्हाताऱ्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं, पोरांना ते त्यांनीच सांगायला हवं.

आपल्याला हे पठार ‘दिसत’ नाही याचा सगळ्यात मोठा पुरावा माझ्या मते २०१७ चा आहे. त्या मार्चमध्ये इथं एका हिंदी चित्रपटाचा भलामोठा सेट उभा होता आणि तो रात्रीतून जाळला गेला. बातमी देशभर गाजली. इतिहास, अस्मिता, कलाकाराचं स्वातंत्र्य यांवर आठवडे बोलणं झालं. जाळपोळ हा गुन्हाच, त्याबद्दल दुमत नाही. पण एवढा सेट उभारायला सामान वर कशातून गेलं, तो उभा राहिला त्याखाली काय होतं, जळाल्यावर त्या जागेचं काय झालं, आणि मुळात अशा ठिकाणी असला सेट उभारायला हो कुणी आणि कशाच्या आधारावर म्हटलं, हे प्रश्न मला तरी त्या चर्चेत कुठं ऐकू आले नाहीत. दोन्ही बाजूंना पठार ही फक्त रिकामी जागा वाटत होती.

इथं पठाराखालच्या गावकऱ्याचा प्रश्न येतो, आणि तो टाळून शहरात बसून डोंगराची काळजी करण्यात काही अर्थ नाही. ‘तुमच्या फुलांसाठी आम्ही रस्ता मागायचा नाही का?’ मागायचा, आणि मिळालाच पाहिजे. या डोंगररांगेतल्या वाड्या-वस्त्यांना आणि धनगरवाड्यांना बारमाही गाडीवाट हवी. पावसात बाळंतिणीला किंवा साप चावलेल्या माणसाला डोलीतून खाली आणावं लागणं ही सगळ्या जिल्ह्याला लाज आणणारी गोष्ट आहे. पर्यावरणाचं नाव घेऊन असा रस्ता अडवणाऱ्याच्या बाजूला मी उभा राहणार नाही. पण वस्तीला जोडणारा रस्ता वेगळा आणि पर्यटकाला फुलांच्या मधे गाडी लावता यावी म्हणून माथ्यावर नेलेला रस्ता वेगळा. पहिला मागताना दुसरा पुढं रेटला जातो, आणि पुढं होतं काय तर पहिला राहतो कागदावर आणि दुसरा होतो डांबरी. वर डांबर पडलं की पाठोपाठ बिगरशेती प्लॉटचे बोर्ड लागतात, फार्महाऊसच्या जाहिराती येतात, उताराच्या जमिनी गुंठ्यावर विकल्या जातात. दहा वर्षांनी त्याच गावातला पोरगा कुणाच्या तरी फार्महाऊसचा राखणदार असतो. पन्हाळ्याच्या आणि जोतिबाच्या पायथ्याला हे चित्र बघायला फार लांब जावं लागत नाही.

मग गावाला मिळेल काय? गाड्या खाली थांबल्या तर पैसा खाली थांबतो, एवढं हे साधं गणित आहे. आज शहरातून आलेलं कुटुंब डबा घेऊन निघतं, गाडीनं थेट वर जातं, फोटो काढतं, प्लास्टिक टाकतं आणि परत येतं. गावाच्या वाट्याला उडालेला चिखल. तीच गाडी खाली थांबली तर थांब्याची पावती होते, चालून आलेल्याला भूक लागते, झुणका-भाकरी आणि दही विकलं जातं, वाट दाखवायला गावातलं पोरगं सोबत जातं. कुठलं फूल कधी येतं, कुठल्या कड्याकडं धुक्यात जाऊ नये, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

चालायला लावलं तर लोक येणार नाहीत, ही भीती कोल्हापुरात तरी कुणी घालू नये. माघात रविवारी इथले लोक जोतिबाला खेटे घालतात. पंचगंगा ओलांडायची, वडणगे, निगवे, कुशिरे करत गायमुखावरून डोंगर चढायचा. म्हातारी माणसं चालतात, बायका चालतात, कडेवर पोरं घेऊन चालतात. पाय भरून आले तरी ‘चांगभलं’ म्हणत पुढं जातात. वर गाडीनं जाता येतं हे त्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं. डोंगराला पायानं भेटायची रीत आपल्या घरातली आहे. मसाईचा टप्पा तर त्या मानानं काहीच नाही. ज्यांना खरोखर चालता येत नाही अशांसाठी गावाच्या ताब्यात एक-दोन बॅटरीवरच्या गाड्या, तीही एकाच ठरलेल्या दगडी वाटेवर, एवढी सोय सहज होईल. देवीच्या उत्सवाला, गुरांना, गवत आणणाऱ्या स्थानिकांच्या वाहनांना हा नियम लागू नये.

असं दुसरीकडं झालेलं आहे. माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात, आणि म्हणून माथेरानचं पर्यटन बुडालेलं नाही. उलट लोक गाड्या नसल्यामुळंच तिथं जातात. साताऱ्याचं कास जवळचं. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या जागतिक वारसा स्थळांत त्याचं नाव आल्यावर गर्दी हाताबाहेर गेली, मग शुल्क आलं, दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा आली, आजूबाजूच्या गावांची समिती कामाला लागली. पण कासचं सगळंच उचलू नये. तिथं कुंपण घातलं, गुरांचं चरणं थांबलं, आणि पुढं उंच गवत माजून फुलं दबली अशी तक्रार अभ्यासकांनी आणि गावकऱ्यांनी दोघांनीही केली. या सड्यांवर गुरं शेकडो वर्षं चरत आली आहेत, ती त्या जागेचाच भाग आहेत. मसाईला कुंपण नको. गुरं राहू देत, गवळी-धनगरांचा हक्क राहू दे, फक्त चाकं थांबवा.

आणि यासाठी नवा कायदा लागत नाही. २०२२ मध्ये मसाई पठाराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला आहे. क्षेत्र जेमतेम ५.३४ चौरस किलोमीटर. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३६अ कलमाखालचा हा दर्जा अभयारण्यासारखा कडक नसतो, गावकऱ्यांचे चराईसारखे हक्क त्यामुळं जात नाहीत. शिवाय ३६ब कलम सांगतं की अशा क्षेत्रासाठी व्यवस्थापन समिती असावी आणि तिच्यात हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी असावा, स्वयंसेवी संस्थांचे आणि शेती व पशुसंवर्धन खात्याचेही असावेत. म्हणजे गावाला टेबलावर खुर्ची कायद्यानंच दिलेली आहे. त्या खुर्चीवर बसून बोलणारा माणूस हवा, आणि त्याचं ऐकणारं खातं हवं. शिक्का मिळाला, फलक लागला, एवढ्यावर हे काम संपल्यासारखं वाटायला लागतं, तेच धोक्याचं आहे. फलकाला वळसा घालून जीप जाते.

घाई करायला हवी याचं कारण शेजारीच आहे. २०२५ च्या मे महिन्यात चौंडीला झालेल्या मंत्रिमंडळाच्या बैठकीत जोतिबासाठी २५९ कोटी ५९ लाखांचा विकास आराखडा मंजूर झाला. त्याच वर्षी जुलैत मराठ्यांच्या आणखी ११ किल्ल्यांबरोबर पन्हाळा जागतिक वारसा यादीत गेला. दोन्ही गोष्टींचा मला आनंद आहे. पन्हाळ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना आपल्या घरांचं काय होणार अशी भीती वाटली, तीही रास्त आहे आणि तिचं उत्तर त्यांना लेखी मिळायला हवं. पण या दोन्हींचा एक परिणाम ठरलेला आहे: माणसं वाढणार. सकाळी जोतिबा, दुपारी पन्हाळा आणि संध्याकाळी सूर्यास्ताला मसाई, अशी एका दिवसाची फेरी आत्ताच बसलेली आहे. पहिल्या दोन ठिकाणांसाठी आराखडे आहेत, वाहनतळ आहेत, निधी आहे. तिसऱ्या ठिकाणी फक्त गवत आहे. जागतिक वारशाचा मान गडाच्या भिंतींइतकाच त्याच्या भोवतीच्या डोंगरांना आणि वाटांना मिळालेला आहे, कारण या किल्ल्यांची ताकदच त्या डोंगरांत होती. पन्हाळ्याच्या राजदिंडी दरवाजातून बाहेर पडलेली महाराजांची वाट ज्या पठारावरून गेली ते पठार जीपगाड्यांनी खरवडलं जात असेल, तर तो मान आपण अर्धाच घेतला.

म्हणून समितीच्या पहिल्याच बैठकीत काही गोष्टी ठरवाव्यात. बाहेरच्या गाड्या कुठं थांबतील ती जागा, आणि ती सड्यावर नसेल हे. चालायची एकच वाट, दगडांनी आखलेली, पाणथळीला वळसा घालून जाणारी. ड्रोन, ध्वनिक्षेपक, तंबू आणि कॅम्पफायर यांना पावसाळ्यात सरसकट नकार. चित्रीकरणाला, मग तो कितीही मोठ्या माणसाचा चित्रपट असो किंवा कुणाच्या लग्नाआधीचे फोटो असोत, माथ्यावर काहीही उभारायला परवानगी नाही. जुन्या चाकोऱ्या दगडांचे छोटे बांध घालून अडवायच्या, म्हणजे त्यांतलं वाहतं पाणी थांबेल आणि माती धरायला लागेल. हे काम रोजगार हमीतून गावकऱ्यांनाच देता येतं. थांब्याच्या उत्पन्नाचा हिशेब दर वर्षी ग्रामसभेत वाचून दाखवायचा. जुलैतल्या मोहिमांच्या आयोजकांना त्यांच्या माणसांचा कचरा परत नेण्याची लेखी हमी द्यायला लावायची. बाजीप्रभू आणि बांदलांच्या आठवणीनं चालणाऱ्याला यात जड वाटण्यासारखं काही नाही.

यातलं सगळ्यात कठीण काम पैशाचं नाही, नाही म्हणण्याचं आहे. शनिवारी संध्याकाळी फाटकावर एखादी मोठी गाडी येईल, काच खाली होईल आणि ‘साहेबांना फोन लावू का?’ असं विचारलं जाईल. पावती फाडणारा पोरगा वीस वर्षांचा असेल. त्याच्या पाठीशी ग्रामपंचायतीचा ठराव, वनखात्याचा लेखी आदेश आणि पोलिस पाटील उभा असेल तरच तो नाही म्हणू शकेल. ते दोन्ही कागद पुढच्या जूनच्या आत त्याच्या हातात पडायला हवेत, आणि फाटकावर बसणारा तो पोरगा पठाराखालच्याच गावातला असायला हवा.